तात्पर्य काय लिहायचं?

शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी अकरावी-बारावीतली पाच-सहा मुलं-मुली येतात. बहुतेक खांदा कॉलनीतलीच, दोघं कामोठ्याहून. शिकवणी म्हणावी असं ते काही नाही, फी वगैरे घेत नाही. एक मराठी कथा वाचायची आणि तिच्यावर भांडायचं, एवढंच. कथा मी आधी व्हॉट्सॲपवर पाठवतो. झेरॉक्स दिली की हरवते, मोबाइल हरवत नाही.

खांदा कॉलनी ठाऊक नसेल तर सांगतो. हार्बर लाइनवर पनवेलच्या आधीचं स्टेशन खांदेश्वर. तिथून चालत किंवा शेअर रिक्षानं आलात की आमची कॉलनी. नाव ऐकून लोक हसतात, 'खांदा द्यायला राहता का तिथं?' म्हणतात. मुळात ते खांदा गावावरून पडलेलं नाव आहे. पण विनोद करायचा तर करू दे, कारण त्या शनिवारची कथा खरोखरच स्मशानातली होती. अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं'.

मी अर्धं पान लिहून आणायला सांगितलं होतं. एका मुलीनं सारांश फार नेटका लिहिला होता आणि खाली पट्टीनं रेघ मारून एक ओळ : 'तात्पर्य : अतिलोभाचे फळ वाईट असते.' मी लाल पेनानं फुली मारली. ती रडली-बिडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "सर, मग बरोबर तात्पर्य काय लिहायचं?"

मी म्हटलं, कथेला तात्पर्य नसतं.

"मग आम्हाला पहिलीपासून सगळ्या गोष्टींना का होतं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढचे काही आठवडे मी ते शोधत होतो. ही ओळ आपल्या गोष्टींच्या शेपटीला आली कधी, कोणी आणली, आणि पुढं कोणी कापली? त्या शोधात मला मराठी कथेचा एक इतिहास दिसला. तो पुस्तकातल्या इतिहासापेक्षा थोडा तिरका आहे. आणि शेवटी तो माझ्याच दारात येऊन उभा राहिला, पण ते नंतर.

आधी शब्द. 'तात्पर्य' हा काही इसापाबरोबर आलेला शब्द नाही. 'तत्पर'पासून तो झाला. एखाद्या वाक्याचा, एखाद्या ग्रंथाचा रोख ज्याच्याकडे आहे ते त्याचं तात्पर्य. शिकवण असा त्याचा अर्थच नव्हता. आपल्याकडच्या जुन्या पंडितांनी हा रोख ओळखायच्या सहा खुणा सांगून ठेवल्या आहेत. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवून बघा. पुन्हा पुन्हा काय येतं ते बघा. दुसरीकडे कुठं न मिळणारं, नवं असं काय सांगितलंय ते बघा. फळ काय मिळालं, स्तुती-निंदा कशाची केली, युक्तिवाद कुणीकडे झुकतो, हेही बघा. शास्त्रातली वचनं लावण्यासाठी केलेली ही अवजारं आहेत, कथेसाठी नव्हेत. पण वाचून मी थक्क झालो. आपल्याला शाळेत शिकवलेल्या 'मध्यवर्ती कल्पना लिहा'पेक्षा ती कितीतरी धारदार आहेत. त्यातली पहिली मी खिशात टाकून ठेवली. लागणार होती.

मराठीत गोष्ट आणि तिचा अर्थ एकमेकांना बांधून ठेवण्याची रीत गद्याइतकीच जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीला महानुभाव पंथातल्या केसोबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त एकत्र केले, तो 'दृष्टान्तपाठ'. एकूण ११४ दृष्टान्त. त्याची बांधणी तिपेडी आहे. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं वचन. मग दृष्टान्त, म्हणजे गोष्ट. आणि मग दार्ष्टान्तिक, म्हणजे ती गोष्ट कशाला लावायची ते. आंधळे आणि हत्तीची गोष्ट त्यात आहे. पाय चाचपणाऱ्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान चाचपणाऱ्याला सुपासारखा. वाचताना जाणवतं की इथं गोष्ट स्वतःसाठी आलेलीच नाही, ती वचनाच्या सेवेला आली आहे. पण एक फरक आहे. हे दृष्टान्त कोणीतरी समोर बसलेल्या, काहीतरी विचारलेल्या माणसासाठी सांगितलेले होते. अर्थ सगळ्या जगासाठी नव्हता, त्या शिष्याच्या त्या दिवशीच्या अडचणीसाठी होता.

समोर माणूस नसला, फक्त छापील पान असलं की काय होतं?

एकोणिसावं शतक उजाडलं आणि गोष्टींना छापखाना मिळाला. बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरींच्या छापखान्यातून १८१४ मध्ये मराठी 'सिंहासनबत्तिशी' निघाली आणि पुढच्याच वर्षी 'पंचतंत्र'. तिकडं दूर तंजावरात सरफोजी राजांच्या पदरी इसापाच्या गोष्टी मराठीत उतरवण्याचा उद्योग झाला. मग मुंबईत, नव्या सरकारी शाळांसाठी, सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी हे काम हाती घेतलं. लोक त्यांना बापू छत्रे म्हणत. शाळांची पुस्तकं तयार करणाऱ्या मंडळीत ते काम करत. १८२८ मध्ये त्यांची 'इसापनीतिकथा' आली, त्याच साली 'बाळमित्र'. दोन वर्षांनी ते वारले. पण मराठी पोरांना लांडगा, कोल्हा आणि करकोचा देऊन गेले.

नावातली 'नीती' बघा. ग्रीक इसापाच्या मूळ नावात अशी कुठली नीती नाही. ती जोडली आपण, कारण आपल्याला पंचतंत्राची सवय होती. पण पंचतंत्रातली नीती म्हणजे चांगुलपणा नव्हे. विष्णुशर्मा राजपुत्रांना शिकवतो ते जगायचं कसं, टिकायचं कसं, शत्रूला हटवायचं कसं. नीती म्हणजे शहाणपण, वेळ पडली तर कावा. शाळेच्या पुस्तकात येताना या कावेबाजपणाची धार बोथट झाली आणि नीती म्हणजे सद्वर्तन असं समीकरण झालं. मुलांना वळण लावायचं होतं, राजपुत्र घडवायचे नव्हते.

आणखी एक गंमत. इसापाच्या गोष्टींखाली दिसणारं तात्पर्य मुळात गोष्टीचं नव्हतंच. गोष्टी गोळा करणाऱ्यांनी ते जोडलं. जुन्या ग्रीक संग्रहांत ती ओळ गोष्टीच्या आधी येई आणि तिचा उपयोग सूचीसारखा असे, असं अभ्यासक सांगतात. भाषण करणाऱ्याला लोभावर गोष्ट हवी, तर तो 'लोभी माणसासाठी' असं लिहिलेली जागा शोधी. आजच्या भाषेत हॅशटॅग. पुढं कधीतरी तो हॅशटॅग गोष्टीच्या शेवटी गेला आणि निकालपत्र झाला.

तोंडात मांसाचा तुकडा धरून पाण्यातलं प्रतिबिंब बघणारा कुत्रा तुम्हाला आठवत असेल. दुसऱ्या तुकड्यासाठी तोंड उघडतो, पहिलाही जातो. अतिलोभ. ही गोष्ट लागू पडते कारण तिनं एक मोठी गोष्ट गाळलेली आहे. कुत्रा शेवटचं कधी जेवला होता ते कोणी विचारत नाही. नदी कुठली, मांस कुठून आणलं, घरी पिल्लं आहेत का, काही नाही. काळ, जागा, मागचं पोट, सगळं काढून टाकलं की जे उरतं त्यावर एका ओळीत निकाल देता येतो. लहान मुलांसाठी हे ठीकच आहे, मला त्याचा राग नाही. मी स्वतः त्यावर वाढलो. राग आहे तो या सवयीचा, कारण मोठं झाल्यावरही आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गोष्टी अशाच वाचतो.

पुढचा प्रवास भराभर सांगतो, कारण तो बऱ्याच पुस्तकांत आहे. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात 'स्फुट गोष्टी' लिहिल्या. नाव करमणूक, पण रंजनाच्या हातानं समाजाला चार शब्द सांगायचा हेतू त्यांनी लपवला नाही. तरी त्यांच्या गोष्टींत दुष्काळ आला, बाई आली, घरातली घुसमट आली. कुत्र्याचं पोट दिसायला लागलं, असं म्हणू या. मग १९२०-३०च्या सुमाराला ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर. फडके म्हणत कलेला कलेचंच काम आहे, खांडेकर म्हणत ती जीवनासाठी आहे. हा वाद इतका चघळला गेलाय की मला त्यावर बोलायचा कंटाळा आहे. मला दिसतं ते एवढंच की फडक्यांनी तंत्र हा शब्द घराघरांत नेला, गोष्टीची सुरुवात कशी खेचून घ्यावी आणि शेवट कसा कलाटणीचा असावा ते शिकवलं. आणि शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केलेल्या खांडेकरांनी रूपककथा लिहून दृष्टान्ताला पुन्हा घरात घेतलं. दोघांचंही एका बाबतीत एकमत होतं. गोष्टीच्या दोऱ्या लेखकाच्या हातात असायला हव्यात.

याच काळात य. गो. जोशींनी 'ग्यानबा तुकाराम आणि टेक्निक' नावाची कथा लिहिली. नुसतं नाव वाचलं तरी तंत्राच्या वेडाची उडवलेली टर कळते. आमच्या शनिवारच्या पोरांना हे नाव इतकं आवडलं की त्यांच्या ग्रुपचं नाव आता तेच आहे.

खरा खटका उडाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही नवकथेची चौकडी. 'सत्यकथा' मासिकात ही कथा वाढली. रशियात चेखवनं १८८८ मध्येच एका पत्रात सुवोरिनला कळवलं होतं की लेखकाचं काम प्रश्न नीट मांडायचं, तो सोडवायचं नव्हे. आपल्याकडे ही गोष्ट अंगात मुरायला अर्धं शतक गेलं.

माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' १९४९चं. त्यातला 'धर्मा रामोशी' घ्या. धर्मा म्हातारा, गरीब. निवेदकाच्या घरून त्याला एक धोतर मिळतं. नंतर धर्मा दिसतो तो पूर्वीसारखाच उघडाबोडका. निवेदकाच्या मनात शंका येते, आणि ती तुमच्या-माझ्याही मनात आलीच असती. दिलेलं धोतर याचं काय झालं? शेवटी उलगडतं. धोतर त्याची तरणी लेक नेसते आहे, तिच्याकडे दुसरं काही नाही. गोष्ट तिथंच थांबते. खाली रेघ नाही, निकाल नाही. पण बारकाईनं बघितलं तर निकाल आहे, फक्त तो धर्मावर नाही. ज्यानं शंका घेतली त्याच्यावर आहे, म्हणजे निवेदकावर आणि त्याच्यामागं मान डोलावत गेलेल्या वाचकावर. लेखकानं काय केलं? आपल्याला आधी चुकीचं तात्पर्य काढू दिलं. नवकथेच्या तंत्राबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, संज्ञाप्रवाह, मनोविश्लेषण वगैरे. मला हे धोतर त्या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं.

आता 'स्मशानातील सोनं'.

अण्णा भाऊ साठे १९२० मध्ये वाटेगावात जन्मले. शाळेत गेले ते दीड दिवस, असं सांगतात. लहानपणी मुंबईला आले, मिळेल ते काम केलं, शाहिरी केली, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहिलं. १९६९ मध्ये गेले. म्हणजे ज्या शाळेनं तात्पर्य लिहायला शिकवलं ती शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. नशीब आपलं.

कथा अशी. भीमा वारणेकाठचा धिप्पाड माणूस. मुंबईत येतो, काम मिळत नाही. उपनगरात एका खाणीवर दगड फोडायचं काम मिळतं, बायको आणि लेकीला घेऊन तिथं राहतो. काही महिन्यांनी खाण बंद पडते. घरी परतताना स्मशानाजवळ त्याला राखेत सोन्याचा तुकडा सापडतो. मग तो राख चाळायला लागतो, पुढं मुडदे उकरायला लागतो. बायको भुताखेतांना भिते. तो तिला सुनावतो, त्याचा आशय असा की खरी भुतं स्मशानात नसतात, शहरातल्या घरांत असतात. एका रात्री तो एका सावकाराचं प्रेत उकरायला जातो. तिथं कोल्हे आधीच पोचलेले. माणूस आणि कोल्हे एका मुडद्यावरून झुंजतात. हे पान वाचताना आमच्यातला एक मुलगा उठून पाणी प्यायला गेला. शेवटी प्रेताच्या तोंडातलं सोनं काढताना जबड्यात भीमाची बोटं अडकतात. कशीबशी सुटतात, पण डॉक्टरला दोन बोटं कापावी लागतात.

इथं थांबलो तर माझ्या विद्यार्थिनीचं उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. गोष्टीचा सांगाडा हुबेहूब इसापाचा आहे. कुत्रा, मांस, दुसऱ्या तुकड्याचा मोह, शिक्षा. मेलेल्या माणसाचा जबडा मिटून चोराची बोटं पकडतो. अण्णा भाऊंनी हा सांगाडा नकळत घेतला असेल असं मला वाटत नाही.

पण गोष्ट तिथं थांबत नाही. बोटं कापली त्याच दिवशी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली. आणि तो डोंगरासारखा भीमा लहान मुलासारखा रडतो.

खिशात ठेवलेली पहिली खूण आता काढतो. सुरुवात आणि शेवट शेजारी ठेवा. सुरुवातीला भीमा कोणाच्या तरी मरणाच्या बातमीनं खूश होतो. शेवटी कामाच्या बातमीनं रडतो. दोन बातम्या, दोन्हींवर उलटी प्रतिक्रिया. मरणाची बातमी ऐकून आनंदणारा माणूस दुष्ट वाटतो, तोवर आपण इसापात आहोत. कामाची बातमी ऐकून रडणारा माणूस दिसतो आणि आपण इसापातून बाहेर पडतो. कारण आता कळतं की लोभ नव्हताच. दगड फोडायला दहा बोटं लागतात आणि त्यातली दोन गेलीत, म्हणून तो रडतोय. हव्यास असता तर सोनं गेल्याचं दुःख झालं असतं.

म्हणजे शेवटचा तो एक परिच्छेद सगळी गोष्ट उलटी करतो. कुत्रा शेवटचं कधी जेवला होता, हा इसापानं गाळलेला प्रश्न अण्णा भाऊ सगळ्यात शेवटी, अगदी उशिरा, हात कापल्यावर विचारतात. खाण बंद कोणी केली? का केली? परत सुरू करताना भीमाला कोणी कळवलं असतं का? कथा याचं उत्तर देत नाही. पण निकाल द्यायला निघालेल्या माणसाला आधी यांचा हिशेब द्यावा लागतो.

मी हे सगळं त्या मुलीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण सर, मेलेल्यांचं चोरणं वाईटच आहे ना?" वाईटच आहे. तिचा मुद्दा मी आजही खोडून काढू शकलेलो नाही, आणि अण्णा भाऊंनीही खोडला नाही. भीमा साधुसंत नाही. कथा त्याला माफ करा म्हणत नाही. त्याला निकाल द्यायचा तर खाणीसकट द्या, म्हणते.

आमच्या भागात ही कथा वाचायला एक वेगळीच चव येते. इथं खाणी आणि डोंगर रोजच्या बोलण्यात आहेत. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडला, नदी वळवली. त्याच्या कितीतरी आधी, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघरच्या परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले, आणि त्यातून पुढं साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मग 'जमीन विकून गाड्या घेतल्या, पैसा उडवला' असं तात्पर्य इथल्या गाववाल्यांबद्दल आम्ही फ्लॅटवाले जिन्यात उभे राहून सहज काढतो. शेवट तेवढा माहीत असतो, सुरुवात कोणी वाचलेली नसते.

फ्लॅटचं निघालंच आहे तर बागुलांकडे येतो. बाबूराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. १९६३ मध्ये त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. सहाच वर्षांनी राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'च्या अंकांची होळी केली. त्यामागं जो राग होता तो समजून घ्यायचा तर आधी ही कथा वाचावी लागते. नवकथेनं वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं खरं, पण धर्माच्या गोष्टीत बोलतो कोण? धोतर देणारा. नेसणाऱ्याची लेक काहीच बोलत नाही.

बागुलांच्या कथेत बोलतो तो स्वतः. एक तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधन्याला जातो. राहायला जागा हवी. समोरचा जात विचारतो. तो जात सांगत नाही, नव्या भारताच्या तडफदार भाषेत उत्तर देतो, आणि समोरचे त्याला आपल्यातला समजून बसतात. खोली मिळते. मान मिळतो, त्याच्या कवितेचं कौतुक होतं, सवर्ण सहकाऱ्याच्या घरी जेवायला बोलावणं येतं. त्याच कारखान्यात काशिनाथ सकपाळ नावाचा त्याचा जातभाई आहे, तो काही लपवत नाही आणि त्याची किंमत मोजतो. एक दिवस निवेदकाचं खरं बाहेर पडतं. ज्यांनी मान दिला तेच मारतात. सोडवायला येतो काशिनाथ.

शीर्षकातलं क्रियापद बघा. 'लपवली' नाही, 'चोरली'. चोरी हा नीतिकथेचा आवडता गुन्हा. चोर, मग शिक्षा, मग तात्पर्य. बागूल तो गुन्हा निवेदकाच्या तोंडून कबूल करून टाकतात. मी चोरी केली. आणि मग पुढची सगळी पानं वाचकाला एकच प्रश्न कुरतडत राहतो, चोरलं म्हणजे नक्की काय? दुसऱ्याची वस्तू घेतली तर ती चोरी. यानं कोणाची वस्तू घेतली? जात ही जर मालमत्ता असेल तर ती कोणाच्या नावावर आहे? एका शब्दानं असं सगळं फिर्यादीचं कागदपत्र तपासायला लावणं, हे तंत्र आहे आणि तीच नीतीही आहे. इथं दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. मार खाल्ल्यावर तो मारणाऱ्यांना दोष देत नाही, मनूला देतो. मला पहिल्यांदा वाचताना हे फार उदार वाटलं होतं. आता वाटत नाही. माणसं बदलली तरी मार तोच राहील, असं ते विधान आहे.

मी ही कथा पहिल्यांदा वाचली ती खांदा कॉलनीत राहायला आल्यावर वर्षभरानं.

इथं आलो तेव्हा आम्ही दोघं जागा शोधत होतो, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र. एकाच ऑफिसात होतो, पगार सारखा, डिपॉझिट निम्मं-निम्मं भरायचं ठरलेलं. वन बीएचके, तिसरा मजला, खांदेश्वर स्टेशन चालत बारा मिनिटं. मालकांनी चहा दिला. मग माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि चहा संपेपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. कोणी काही वावगं बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन मला आला. "तुम्ही एकटेच राहणार असाल तर आजच टोकन द्या. दोघं नको म्हणतायत." मी विचारलं, का? तो म्हणाला, "समजून घ्या ना."

मी समजून घेतलं. मित्राला सांगितलं की मालकांना भाडं वाढवून हवंय, त्यामुळं ते बारगळलं. आठवड्यानं त्याला कळंबोलीत खोली मिळाली. पंधरवड्यानं मी या घरात सामान आणलं. त्याला कळलंच असणार, पनवेल काही एवढं मोठं नाही. त्यानं कधी विचारलं नाही. पुढं तो पुण्याला गेला. अजून दिवाळीला मेसेज येतो, मी लगेच उत्तर देतो.

बागुलांच्या कथेत मी कोण आहे हे ठरवायला मला फार वेळ लागला. मारणाऱ्यांत मी नाही, काशिनाथ तर नाहीच. मी बहुधा कथेत नाव नसलेला, शेजारच्या खोलीत राहणारा कोणीतरी आहे, ज्याला कोणी जात विचारली तर तो लगेच सांगतो आणि किल्ली घेतो. त्याच्यावर कथा लिहिलेली नाही. तो काही चोरत नाही ना.

गेल्या शनिवारी 'जेव्हा मी जात चोरली होती' वाचली. त्या मुलीनं या वेळी तात्पर्य लिहिलं नव्हतं. पानाच्या शेवटी रेघ मारली होती आणि खाली जागा कोरी सोडली होती. कामोठ्याच्या मुलानं विचारलं, "सर, त्या खोलीचं पुढं काय झालं? नंतर ती कोणाला दिली असेल?" बाकीचे हसले, हा कसला प्रश्न म्हणून. मी म्हटलं, कथेत नाही ते. पुढच्या वेळी बोलू.

ही मुलं मोबाइलवर सगळं वाचतात, हेही वाचतील. त्या दिवशी ती ज्या हॉलमध्ये सतरंजीवर बसली होती, तो याच घराचा हॉल. तिसरा मजला, स्टेशन चालत बारा मिनिटं. लेख छापून आला की लिंक आधी पुण्याला पाठवणार आहे, मग ग्रुपवर.